वासुदेव : देवाचं नाव पाळण्यात कसं आलं

मध्य प्रदेशातल्या विदिशा शहराला लागून, बेस आणि बेतवा या नद्यांच्या बेचक्यात बेसनगर आहे. तिथे एक जुना दगडी खांब उभा आहे. आसपासची माणसं त्याला 'खामबाबा' म्हणत. भोई-ढीमर समाजातले लोक तिथे नवस फेडायला येत आणि खांबाला शेंदूर फासत. पिढ्यान्‌पिढ्या चढलेल्या शेंदराचं जाड कवच झालं होतं. १८७७ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे आले तेव्हा त्यांना खांबाची घडण तेवढी पाहता आली: तळाशी आठ पैलू, त्यावर सोळा, त्यावर बत्तीस आणि मग गोल. घडणीवरून त्यांनी तो गुप्तकाळातला ठरवला.

१९०९ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातले अभियंता लेक यांना तळाच्या पैलूंवर अक्षरं असावीत असा संशय आला. शेंदूर खरवडला आणि खाली खरोखरच ब्राह्मी अक्षरं निघाली. जॉन मार्शल यांनी हा शोध जगापुढे मांडला आणि खांब एकदम पाच-सहा शतकांनी जुना ठरला. प्राकृतातल्या त्या लेखाचा आशय असा: देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज आहे. तो उभारणारा हेलिओडोरस हा दियोनचा मुलगा, तक्षशिलेचा रहिवासी. ग्रीक राजा अँटिअल्किडास याने त्याला काशीपुत्र भागभद्र राजाच्या दरबारी दूत म्हणून पाठवलं होतं. हा दूत स्वतःला 'भागवत', म्हणजे भगवंताचा भक्त, म्हणवतो. काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाची अखेर. लेखाच्या दुसऱ्या भागात स्वर्गाला नेणाऱ्या तीन पावलांचा उल्लेख आहे: संयम, त्याग आणि सावधपणा.

हेलिओडोरसने धर्मांतर केलं की राजदूताने यजमान राजाच्या दैवताला दिलेला तो मान होता, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझ्या मते तो वाद दुय्यम आहे. मोलाची गोष्ट ही, की ज्याला आपण आज सहज कृष्ण किंवा विष्णू म्हणू, त्या दैवताची त्या काळी देशभर चालणारी ओळख 'वासुदेव' या चार अक्षरांत होती. हे नाव पुढे राजांनी, आचार्यांनी, बंडखोरांनी आणि कोकणापासून विदर्भापर्यंतच्या असंख्य घरांतल्या मुलांनी धारण केलं. देवाचं नाव माणसाच्या मुलाला ठेवणं आपल्याला इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात काही इतिहास असेल असं वाटतही नाही. पण एके काळी शास्त्राचा याला सरळ विरोध होता. तो विरोध कसा ढासळला, हे या एका नावाच्या मागोमाग गेलं की दिसतं.

अर्थापासून सुरुवात करायला हवी, कारण अर्थाचे दोन प्रवाह पुढे सगळीकडे भेटतात. पहिला व्याकरणाचा. वसुदेवाचा मुलगा तो वासुदेव. आद्य स्वराची वृद्धी होऊन 'व'चा 'वा' झाला, जसा पांडूचा पांडव. मराठीतही वडील वसुदेव आणि मुलगा वासुदेव हा काना आपण अजून पाळतो. दुसरा प्रवाह भक्तीचा. विष्णुपुराण आणि विष्णुसहस्रनामावरचं शंकराचार्यांचं भाष्य 'वस्' या धातूकडे जातात. वस् म्हणजे राहणं. सर्व भूतं ज्याच्यात राहतात आणि जो सर्व भूतांत राहतो, तो वासुदेव. याच रूपाचा दुसरा धातू आहे, त्याचा अर्थ पांघरणं, झाकणं. सूर्य आपल्या किरणांनी जग झाकून टाकतो तसा सगळ्याला व्यापणारा, असा खुलासा महाभारतात येतो. पहिला अर्थ एका घराण्याचा, एका बापाचा. दुसऱ्या अर्थाला ना घर ना बाप. यादवांच्या वृष्णी कुळातला एक पुरुष विश्वाचा आधार मानला जाईपर्यंतची सगळी वाट या दोन अर्थांच्या मधे आहे.

त्या वाटेवरचा सर्वांत जुना आणि भक्कम दगड पाणिनीने रोवला. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात 'भक्ती' या अर्थाने लागणाऱ्या प्रत्ययांचं एक छोटं प्रकरण आहे. तिथे पाणिनी सांगतो, की वासुदेव आणि अर्जुन या शब्दांना अमुक प्रत्यय लावावा. त्यातून 'वासुदेवक' हा शब्द होतो, म्हणजे वासुदेवाच्या ठायी भक्ती असलेला. इथे घाई करून चालत नाही. त्याच प्रकरणात अपूप, शष्कुली, पायस यांसारख्या खाण्याच्या पदार्थांनाही प्रत्यय लागतो, असं काशिकावृत्तीतली उदाहरणं सांगतात. ज्याला अपूप प्रिय तो आपूपिक. तेव्हा इथल्या 'भक्ती'चा अर्थ नुसती आवड किंवा ओढ असाही होऊ शकतो. पाणिनीच्या काळी वासुदेवाची देवळं होती, असा निष्कर्ष केवळ या सूत्रावरून काढणं मला पटत नाही.

पण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलीला या सूत्रात काहीतरी खटकलं, आणि त्याची शंका मोठी मार्मिक आहे. लगेच पुढचं सूत्र क्षत्रियांच्या नावांना तेच रूप देणारा प्रत्यय सांगतं. मग वासुदेव या क्षत्रियाचा वेगळा उल्लेख कशासाठी? पतंजली दोन उत्तरं देतो. एक क्रमाविषयीचं. 'अर्जुन' हा शब्द स्वराने सुरू होतो आणि लहानही आहे, म्हणून जोडशब्दात नियमाने तो आधी यायला हवा. तरी वासुदेव आधी आला, कारण तो पूज्य आहे, आणि पूज्य शब्द आधी येतो. दुसरं उत्तर त्याहून स्पष्ट आहे: हे कदाचित क्षत्रियाचं नावच नसेल, ही त्या पूजनीयाची संज्ञा असेल. सूत्र एकच, पण पाणिनीपाशी जो अर्जुनाच्या जोडीने उभा होता, तो पतंजलीच्या पानावर पूजनीय झालेला आहे. पतंजलीच्या याच महाभाष्यात वासुदेवाने कंसाला मारल्याची कथा नट करून दाखवतात आणि चित्रांतही ती दाखवली जाते, असा उल्लेख आहे. कथा चावडीवर पोहोचली होती.

तरीही सगळ्यांना हे दैवत मोठं वाटत होतं असं नाही. 'निद्देस' या पाली ग्रंथात निरनिराळी व्रतं पाळणाऱ्यांची यादी आहे. त्यात हत्ती, घोडा, गाय, कुत्रा आणि कावळा यांच्या उपासकांच्या रांगेत वासुदेवाचे आणि बलदेवाचे उपासक येतात. बौद्ध भिक्षूच्या नजरेला हा अनेकांतला एक पंथ होता. जैनांनी वेगळीच वाट धरली. त्यांच्या परंपरेत वासुदेव हे नाव न राहता पदवी झाली: त्रेसष्ट शलाकापुरुषांत नऊ बलदेव, नऊ वासुदेव आणि त्यांचे नऊ प्रतिवासुदेव. कृष्ण हा त्यांतला नववा. एखादं नाव परक्या परंपरेने असं वर्गनाम म्हणून उचललं की त्याचा दबदबा किती असेल ते कळतं.

दबदब्याचा पुरावा पार अफगाणिस्तानच्या उत्तर टोकाला मिळाला. अमू दर्या आणि कोकचा यांच्या संगमावर ऐ-खानूम हे ग्रीक शहर होतं. १९७० मध्ये तिथे पॉल बर्नार्ड यांच्या फ्रेंच पथकाला सहाशेहून जास्त आहत नाण्यांबरोबर सहा चौकोनी चांदीची नाणी सापडली. राजा अगाथोक्लीस, काळ इसवी सनापूर्वी १८० च्या सुमाराचा. नाण्याच्या एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी. एकीकडे नांगर धरलेला संकर्षण, म्हणजे बलदेव, दुसरीकडे चक्र धरलेला वासुदेव. राजा ग्रीक, टांकसाळ वायव्येची आणि नाण्यावर वृष्णी कुळातले दोघे भाऊ. व्यापाऱ्याच्या हातात नाणं खपायचं तर त्यावरचा देव ओळखीचा हवा, एवढा व्यवहार त्या राजाला कळत होता.

राजस्थानात चितोडजवळ घोसुंडीच्या विहिरीत बसवलेल्या एका शिळेवर, आणि तिच्याच भाईबंद शिळांवर, सर्वतात नावाच्या अश्वमेध करणाऱ्या राजाने संकर्षण आणि वासुदेव यांच्या पूजास्थानाभोवती दगडी प्राकार बांधल्याची नोंद आहे. त्या जागेचं नाव नारायणवाटक. ब्राह्मीतल्या सर्वांत जुन्या संस्कृत लेखांत याची गणना होते. वासुदेव आणि नारायण ही दोन वेगळ्या उगमांची नावं इथे एका आवारात आलेली दिसतात.

आणि आपला नाणेघाट. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे उतरणाऱ्या या घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लांबलचक प्राकृत लेख आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या नाहीशा झाल्या, पावलांच्या खुणा आणि डोक्यावरची नावं मात्र उरली आहेत. बाजूच्या भिंतींवरच्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी चालते: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, आणि संख्या अंकचिन्हांत. पण सुरुवात देवांच्या वंदनाने होते. धर्म, इंद्र, मग संकर्षण-वासुदेव, मग चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल. अश्वमेध करणारं वैदिक वळणाचं घराणं, आणि वंदनात इंद्राच्या लगोलग वृष्णी कुळातले भाऊ! महाराष्ट्राच्या भूमीवर 'वासुदेव' हा शब्द दगडात उतरला त्याचा हा फार जुना पुरावा, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. घोसुंडीत आणि नाणेघाटात दोन्हीकडे संकर्षणाचं नाव आधी येतं. थोरल्या भावाचा मान कोरणाऱ्यांनी राखला आहे.

या लेखावर भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी एकोणिसाव्या शतकात मेहनत घेतली. विसाव्या शतकात सातवाहनांचे कोरीव लेख मराठीत सविस्तर आणले ते महामहोपाध्याय मिराशी यांनी. त्यांचं पूर्ण नाव वासुदेव विष्णु मिराशी (१८९३-१९८५).

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. देव वासुदेव तर झाला. मुलगा वासुदेव कधी झाला?

गृह्यसूत्रांनी नामकरणाचे बारीक नियम घालून दिले आहेत. मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं असावं, सुरुवात घोष वर्णाने व्हावी, असं पारस्कर सांगतो. नाव धातूपासून साधलेलं असावं, दुसऱ्या नामाला प्रत्यय लावून केलेलं, म्हणजे तद्धित, नसावं, अशीही त्याची अट आहे. वासुदेव चार अक्षरांचं आहे, 'व' घोष आहे, पण शब्द तद्धित आहे. तिथेच तो अडतो. मानव गृह्यसूत्र याहून पुढे जातं: देवतेच्या किंवा नक्षत्राच्या आश्रयाने नाव ठेवावं, पण देवतेचं प्रत्यक्ष नाव ठेवणं निषिद्ध. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या नियमांचा परामर्श घेतला आहे. त्यांच्या स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाकडे पाहिलं की तो निषेध आपल्या समाजाने किती पूर्णपणे बाजूला ठेवला हे वेगळं सांगायला नको.

निषेधामागे भीती होती आणि नम्रताही. देवाचं नाव देवाचंच. माणसाने त्याच्या आडोशाला उभं राहावं. म्हणून देवदत्त, यज्ञदत्त, विष्णुमित्र. देवाने दिलेला, विष्णू ज्याचा मित्र आहे असा. नक्षत्रावरून पुष्यमित्र. महाभाष्यातली उदाहरणं अशाच देवदत्त-यज्ञदत्तांनी भरलेली आहेत.

पण थोड्याच काळात शुंगांचा शेवटचा राजा देवभूती याला मारून त्याचा ब्राह्मण अमात्य गादीवर बसला. त्याचं नाव वासुदेव, गोत्र काण्व. बाणभट्टानेही हर्षचरितात हा खून नोंदवला आहे. कामुक राजाकडे राणीच्या वेषात दासीची मुलगी पाठवून काम उरकलं, असं तो सांगतो. पुराणांतल्या यादीप्रमाणे काण्वांचे चारच राजे झाले: वासुदेव, भूमिमित्र, नारायण आणि सुशर्मा. चौघांची मिळून पंचेचाळीस वर्षं. कारस्थानाची गोष्ट बाजूला ठेवून नावांकडे पाहा. आजोबा वासुदेव, मुलगा भूमिमित्र, नातू नारायण. मधलं नाव जुन्या पद्धतीचं, आणि अलीकडे-पलीकडे देवाची प्रत्यक्ष नावं, तीही वेदाध्ययन करणाऱ्या ब्राह्मण घराण्यात. माझ्या दृष्टीने या चार नावांच्या यादीत नामकरणाचा एक सांधाच बदललेला दिसतो.

दुसरा वासुदेव त्याहून नवलाचा. कुषाण मूळचे मध्य आशियातले. त्यांच्या राजांची नावं कुजुल, विम, कनिष्क, हुविष्क. आणि हुविष्कानंतर एकदम वासुदेव! इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून साधारण २३० पर्यंत त्याने राज्य केलं. मथुरा त्याच्या सत्तेचं मोठं केंद्र होतं, आणि मथुरा म्हणजे तर वृष्णी वीरांचं माहेर. तिथल्या मोरा गावच्या विहिरीच्या शिळेवर वृष्णींच्या पाच वीरांच्या प्रतिमांची नोंद त्याच्या आधीच दोनेक शतकं झाली होती. पोराचं नाव त्या हवेतलं असणार. पण या राजाची नाणी पाहिली तर मागच्या बाजूला बैलाशेजारी उभा शिव. बॅक्ट्रियन लिपीत नाव 'बाझोदेओ' असं उमटलं आहे, आणि २३० मध्ये चीनच्या वेई दरबारी वकिलात पाठवणारा, चिनी बखरीत 'बोदियाओ' म्हणून आलेला राजा तोच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नाव वासुदेवाचं आणि नाण्यावर शिव, यात त्या राजाला विसंगती वाटली नाही. आपल्याकडे शंकराच्या भक्ताच्या घरी केशव आणि माधव असतातच.

नावावर हक्क कुणाचा, याचं भांडण मात्र पुराणांनी जपून ठेवलं आहे. पुंड्र देशाचा राजा पौंड्रक स्वतःला वासुदेव म्हणवून घेई. खोटं चक्र, खोटा शंख, खोटा गरुड अशी सगळी सामग्री त्याने जमवली आणि खरा वासुदेव मीच, तू ही चिन्हं टाकून दे, असा निरोप द्वारकेला धाडला. त्याला काशीच्या राजाचं पाठबळ होतं. कृष्णाने दोघांनाही मारलं. हरिवंश, विष्णुपुराण आणि भागवत, तिन्हीकडे ही कथा आहे. कथेआड दोन प्रदेशांच्या दोन पंथांची चुरस असावी असं तर्काने म्हणता येतं. पण तिचा रोख नीट लक्षात घेतला पाहिजे. पौंड्रक मारला गेला तो नावासाठी नव्हे, देवत्वाचा दावा सांगितला म्हणून. नाव घ्यायला बंदी नव्हती. नावाच्या आडून देव होण्याला होती.

मग नाव घ्यायला नुसती परवानगी नव्हे, तर पुण्य कधी लागलं? तिथे भागवतातला अजामिळ भेटतो. कान्यकुब्जाचा हा ब्राह्मण सगळा आचार सोडून बसला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं वय, दहा मुलगे, धाकट्याचं नाव नारायण आणि त्याच्यावर जीव. मरताना यमदूत दिसले तसा घाबरून त्याने खेळत असलेल्या पोराला हाक मारली. हाक मुलाला होती, पण विष्णुदूत धावून आले. त्यांच्या आणि यमदूतांच्या वादात भागवताने आपला सिद्धान्त मांडून घेतला: इशाऱ्याने, थट्टेने, दुसऱ्याला उद्देशून, कसंही घेतलं तरी नाव ते नाव. मानव गृह्यसूत्राच्या निषेधाला दिलेलं याहून समर्थ उत्तर मला माहीत नाही. शास्त्र म्हणत होतं, देवाचं नाव माणसाला देऊ नका, ते वापरून झिजेल. भक्ती म्हणाली, वापरा, दिवसातून शंभरदा वापरा. जेवायला बोलवताना, रागावताना, अंगणातून घरात बोलवताना. आईची प्रत्येक हाक जपात जमा होईल. हजारो घरांनी भक्तीचं ऐकलं.

तेराव्या शतकात उडुपीजवळच्या पाजक गावात एका जोडप्याने मुलाचं नाव वासुदेव ठेवलं. तो पुढे मध्वाचार्य झाला. चैतन्यांच्या काळी पुरीत ज्यांचा दरारा होता, ते नैयायिक वासुदेव सार्वभौम. बंगालीत या नावाचं बासुदेब होतं, मल्याळम-तमिळमध्ये वासुदेवन. मल्याळम साहित्यात एम. टी. वासुदेवन नायर यांच्यामुळे ते आज घरोघरी माहीत आहे.

महाराष्ट्रात या नावाने एक वेगळंच रूप घेतलं. इथे वासुदेव पहाटे दारात आला. डोक्यावर मोरपिसांची निमुळती टोपी, अंगात घोळदार झगा, कमरेला शेला, हातात टाळ आणि चिपळ्या, कधी पावा. घरोघर जाऊन देवाची नावं घ्यायची, सूप-पसाभर धान्य घ्यायचं आणि दान पावल्याची ग्वाही कुठकुठल्या देवांच्या नावाने द्यायची. या माणसाचं जन्मनाव काय, हे गावात कुणी विचारत नसे. 'वासुदेव आला' एवढंच. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम या सगळ्यांनी वासुदेवाचं रूपक रचनांत वापरलं आहे, म्हणजे तेराव्या शतकात ही आकृती लोकांच्या चांगल्या ओळखीची होती. बेसनगरच्या राजदूतापासून आपल्या दारच्या भिक्षेकऱ्यापर्यंत या नावाचा पल्ला आहे, आणि नावाचा मान कुठेच उणा झालेला नाही.

मराठी घरांत नाव टिकवण्याचं दुसरं साधन होतं संध्येची चोवीस नावं. केशवापासून कृष्णापर्यंत. त्यात संकर्षण, वासुदेव, प्रद्युम्न, अनिरुद्ध ही चौकडी सलग येते. पांचरात्र वैष्णवांच्या चतुर्व्यूहाची, म्हणजे देवाच्या चार रूपांची, ती आठवण. यादीत वासुदेव चौदावा. ज्या घरात मुंज झालेली मुलं रोज आचमन करताना ही यादी म्हणत, त्या घरात बारशाच्या वेळी नाव शोधायला लांब जावं लागत नसे. विष्णु वामन शिरवाडकर, दामोदर धर्मानंद कोसंबी, कृष्णाजी केशव दामले: बहुतेक यादीतलीच नावं. त्यावर आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची रीत. त्यामुळे एकदा घराण्यात शिरलेला वासुदेव एका आड एका पिढीला परत येई.

पण इथेच एक मोठी अडचण उभी राहत होती आणि तिच्याविषयी फारसं कुणी लिहीत नाही. सून सासऱ्याचं नाव उच्चारत नसे. मग सासऱ्याचं नाव मुलाला ठेवलं की आईला पोटच्या पोराला त्या नावाने हाक मारता येत नसे. म्हणून बाळ, बापू, नाना, अण्णा. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, पण जगाला माहीत झालं ते 'बाळ'. अजामिळाच्या कथेने जी हाक आईच्या तोंडी पुण्याची ठरवली होती, ती घरातल्या रीतीने तिच्याच तोंडून काढून घेतली. नामस्मरणाचा अधिकार बायकांना आहे असं संतांनी कंठरवाने सांगितलेल्या प्रदेशात हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं, याची मला खंत वाटते.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात जन्मलेली या नावाची माणसं किती वेगवेगळ्या वाटांनी गेली! पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके (१८४५-१८८३): दुष्काळाने होरपळलेल्या मुलखात रामोशी, कोळी तरुणांना घेऊन १८७९ मध्ये उठाव केला, आणि एडनच्या तुरुंगात प्राण सोडला. सावंतवाडीकडच्या माणगावचे वासुदेव गणेश टेंबे (१८५४-१९१४): संन्यास घेतला की पूर्वाश्रमीचं नाव सुटतं, पण यांचं सुटलं नाही. ते वासुदेवानंद सरस्वती झाले, आणि दत्तसंप्रदायात टेंबे स्वामी म्हणून आजही घरोघरी पूजले जातात. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे (१८५८-१९२४): पटवर्धन दफ्तरांतली पत्रं उलगडत त्यांनी ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड सिद्ध केले. वासुदेव सीताराम बेंद्रे (१८९४-१९८६): शिवाजी महाराजांचं अस्सल चित्र शोधून काढलं, संभाजी महाराजांच्या चरित्रासाठी आयुष्य वेचलं.

नावाचा इतिहासही मराठी माणसांनीच उकलला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा वैष्णव, शैव आणि इतर संप्रदायांवरचा ग्रंथ १९१३ मध्ये निघाला. पाणिनी, पतंजली, निद्देस, घोसुंडी, नाणेघाट आणि बेसनगर हे सगळे पुरावे एकापुढे एक मांडून वासुदेव हा मुळात सात्वत-वृष्णींतला पुरुष आणि भागवत धर्माचा प्रवर्तक असावा, असं मत त्यांनी दिलं. प्रार्थना समाजाचा हा नेता स्वतः मूर्तिपूजा मानत नव्हता, तरी पुराव्यांशी त्याची निष्ठा कडक होती. त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी १९१३ ते १९१५ या काळात बेसनगरला उत्खनन केलं. पुढे १९६३ ते १९६५ मध्ये पुरातत्त्वज्ञ खरे (वासुदेवशास्त्री नव्हेत, दुसरे) यांच्या पथकाला तिथेच जुन्या देवळाचा लंबवर्तुळाकार पाया आणि आणखी खांबांच्या जागा मिळाल्या. हेलिओडोरसचा खांब एकटा नव्हता. एका नांदत्या देवळापुढच्या रांगेतला तो एक होता.

आजच्या बारशांत प्रद्युम्न आणि अनिरुद्ध भरपूर ऐकू येतात. वासुदेव क्वचित. ज्याच्या व्यूहातून ती नावं निघाली, तोच जुनाट ठरला आहे. नावं बदलतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांच्या घरी आजोबा किंवा पणजोबा वासुदेव होते आणि नवं मूल येऊ घातलं आहे, त्यांना एक सांगावंसं वाटतं. यादीतून हे नाव खोडण्याआधी एकदा जुन्नरहून नाणेघाट गाठा आणि लेण्यातल्या भिंतीपाशी उभं राहा. अक्षरांना हात न लावता पाहा. मग हेच नाव ठेवा, आणि या खेपेला पहिली हाक बाळाच्या आईला मारू द्या.